ऑनलाइन दुकानाच्या यूआरएलची रचना कशी ठरवावी

दुकान काढताना लोगोवर आठवडेच्या आठवडे जातात आणि यूआरएल (प्रत्येक पानाचा वेबवरचा पत्ता) मात्र सॉफ्टवेअर देईल तो चालवून घेतला जातो. लोगो केव्हाही बदलता येतो. यूआरएल बदलला की गूगलमध्ये जमलेली जागा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंका, दुसऱ्यांनी त्यांच्या साइटवरून दिलेले दुवे, सगळ्यालाच धक्का लागतो. म्हणून माझी कसोटी एकच: पुढेमागे बदलेल असं काहीही यूआरएलमध्ये घालू नका. त्यात नेमके शब्द कोंबून वरचा क्रमांक मिळेल ही आशाही सोडा. क्रमवारीत त्या शब्दांचं वजन अगदी थोडं असतं, असं गूगल स्वतःच सांगतं.

उदाहरणाला कोल्हापुरी चपलांचं छोटं दुकान घेऊ. पुरुष, महिला आणि मुलांचे विभाग, कापशी आणि कुरुंदवाडीसारखे प्रकार, शिवाय रंग आणि मापं. नमुन्याचे पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. तुमचे खरे पत्ते रोमन लिपीत ठेवा. का, ते चौथ्या पायरीत येतंच.

१. आधी कागदावर पानं मांडा. दुकानात पानांचे प्रकार मोजकेच असतात: मुख्य पान, विभाग, वस्तू आणि ‘माप कसं घ्यावं’, ‘परतीचे नियम’ अशी माहितीची पानं. प्रत्येक प्रकाराला पत्त्याचा एक साचा ठरवा आणि तो मोडू नका.

२. विभागांना गिऱ्हाइकाचे शब्द द्या. गूगलच्या शोधपट्टीत दोन-तीन शब्द टाकून खाली काय सुचवलं जातं ते पाहा. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना गडबड होते: ‘चप्पल’मध्ये ‘पी’ एक की दोन? लोक जास्त वापरतात ते स्पेलिंग निवडा आणि सगळीकडे तेच ठेवा. खोली दोन पातळ्यांची पुरे: /पुरुष-चपला/कापशी.

३. वस्तूचा पत्ता विभागात अडकवू नका. बहुतेक दुकानं चुकतात ती इथेच. /पुरुष-चपला/कापशी/गोंडा-कापशी हा पत्ता दिसायला नीटनेटका आहे. पण तीच चप्पल ‘लग्नासाठी’ आणि ‘नवीन माल’ या विभागांतही ठेवली की एका वस्तूचे तीन पत्ते होतात. उद्या विभागाचं नाव बदललं, तर त्याच्या पोटातल्या सगळ्या वस्तूंचे पत्ते बदलतात. त्यापेक्षा /चप्पल/गोंडा-कापशी असा सपाट पत्ता द्या. वस्तू कुठल्या विभागातली आहे हे गिऱ्हाइकाला आणि गूगललाही पानाच्या वरच्या ब्रेडक्रंबवरून (‘मुख्य पान > पुरुष > कापशी’ अशी वाट दाखवणारी ओळ) कळतं.

शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या सेवेवर वस्तूच्या पत्त्यात ‘प्रॉडक्ट्स’ आणि विभागाच्या पत्त्यात ‘कलेक्शन्स’ हे शब्द येतातच, काढता येत नाहीत. त्याने काही बिघडत नाही. मात्र काही थीम (दुकानाच्या मांडणीचे तयार नमुने) विभागातून वस्तूकडे जाताना दोन्ही शब्दांचा लांबलचक पत्ता वापरतात. कॅनॉनिकल टॅग (एका पानाच्या अनेक पत्त्यांपैकी मुख्य कोणता हे सांगणारी खूण) छोट्या पत्त्याकडे बोट दाखवत असला, तरी थीममधली लिंकच दुरुस्त करून घ्या. कॅनॉनिकल ही गूगलला केलेली सूचना आहे, हुकूम नव्हे. वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सवर हाच निर्णय पर्मालिंक्सच्या (कायमच्या पत्त्यांच्या) सेटिंगमध्ये घ्यायचा असतो. तिथे विभागासह पत्त्याचा पर्याय दिसेल, तो सोडून द्या.

४. शब्द लिहिण्याचे नियम. सगळी अक्षरं लहान, कारण डोमेननंतरच्या भागात लहान आणि कॅपिटल अक्षरांचे पत्ते वेगळे धरले जातात. शब्दांमध्ये आडवी रेघ घाला, अंडरस्कोर नको. किंमत, सवलत, ‘नवीन’, ‘बेस्ट’ यांतलं काही नको.

देवनागरी यूआरएल चालतो, गूगल तो वाचतोही. पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बहुतेक वेळा त्याचं टक्क्याच्या चिन्हांत रूपांतर होतं, आणि प्रत्येक अक्षर किंवा मात्रेमागे ९ चिन्हं लागतात. ‘कापशी’ एवढा शब्द ४५ चिन्हांचा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी लिंक आली तर लोक ती फसवणुकीची समजतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

५. माप, रंग, फिल्टर. मापासाठी वेगळं पान करू नका. ते प्रश्नचिन्हानंतर येऊ द्या: /चप्पल/गोंडा-कापशी?माप=८. कॅनॉनिकल मात्र प्रश्नचिन्हाआधीच्या मूळ पत्त्याचा ठेवा. रंगाचंही तसंच, ‘काळी कापशी’ असं लोक मुद्दाम शोधत असतील, तरच त्या रंगाला स्वतःचं पान द्या.

फिल्टरचं प्रकरण जास्त अवघड. ६ रंग, ८ मापं, ४ किंमत-गट आणि मांडणीचे ३ क्रम. प्रत्येकातून एकेकच निवड धरली, तरी एका विभागाचे ५७६ पत्ते होतात. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) त्यातच फिरत राहतो आणि नव्या मालाकडे उशिरा पोहोचतो. हे आवरायला सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेत एक साधन होतं, ते २०२२ मध्ये बंद झालं. आता अशा पत्त्यांना रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणारी साइटवरची फाइल) मनाई करणं हा सरळ उपाय आहे. एक लक्षात ठेवा: मनाई केलेलं पान गूगल उघडतच नाही, त्यामुळे त्यावरचा नोइंडेक्स (‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी खूण) किंवा कॅनॉनिकल त्याला दिसत नाही. एका पत्त्यासाठी एकच उपाय निवडा.

विभागाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानांना (?पान=२) मात्र अडवू नका, आणि त्यांचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवू नका. तिथल्या चपला मग गूगलला सापडणार कशा?

६. सणांचे पत्ते. /दिवाळी-ऑफर ठेवा, त्यात वर्ष घालू नका. तेच पान दर वर्षी नव्या मालाने भरा. सण सरला तरी पान चालू राहू द्या.

७. दुकान आधीच चालू असेल तर. केवळ सुबकपणासाठी जुने पत्ते बदलू नका. नवी रचना नव्या मालापासून लागू करा. बदलणं भागच असेल, तर जुन्या-नव्या पत्त्यांची जोडयादी करा आणि प्रत्येकाला ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणं) लावा. ते निदान वर्षभर ठेवायला गूगल सांगतं. मी म्हणेन, काढूच नका. साइटमॅप (गूगलसाठीची पानांच्या पत्त्यांची यादी) आणि साइटवरच्या सगळ्या लिंका नव्या पत्त्यांच्या करा.

कायमची बंद झालेली चप्पल मुख्य पानाकडे वळवण्याची सवय फार दिसते. गूगल अशा रीडायरेक्टला ‘पान नाही’ असंच समजतो, आणि गिऱ्हाईक गोंधळतं ते वेगळंच. तिच्या जवळची दुसरी चप्पल असेल तर तिकडे पाठवा, नसेल तर सरळ ४०४ (‘पान सापडलं नाही’) दाखवा. माल फक्त संपलेला असेल, तर पान जागेवर राहू द्या आणि ‘पुन्हा येणार’ एवढं लिहा.