मानेपासून खाली उतरणारी क्रोशाची शाल

बऱ्याच घरांत क्रोशाची सुई रुखवताच्या निमित्ताने येते. ताटावरचे रुमाल होतात, दाराचं तोरण होतं आणि मग सुई डब्यात जाऊन बसते. मला मात्र तिचं खरं सुख शालीत सापडलं. रुमालात प्रत्येक टाका मोजावा लागतो. त्रिकोणी शालीच्या पहिल्या चार ओळी जमल्या की हातांना वाट कळते, आणि समोरच्याशी गप्पा मारतानाही विणणं थांबत नाही. मापाचीही चिंता नाही. ही शाल मानेच्या मध्यापासून सुरू होऊन खालच्या टोकाकडे वाढते, म्हणून कुठल्याही ओळीला थांबलात तरी ती पूर्णच असते.

लोकर आणि सुई

मध्यम जाडीची, फार पीळ नसलेली लोकर घ्या. साधारण 250 ग्रॅम पुरते. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे आहेत ना, हे दुकानातच पाहा. दोन लॉटमधला रंगाचा फरक गुंड्यावर दिसत नाही, अंगावर लगेच दिसतो. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत बारीक सुती दोरा बरा, फक्त शाल थोडी जड होते.

सुई 5 मिलीमीटरची घ्या. हात घट्ट असेल तर 5.5. माझी पहिली शाल बारीक सुईने विणल्यामुळे पुठ्ठ्यासारखी ताठ झाली आणि खांद्यावर कधी बसलीच नाही. शालीला हवा असतो लवचीकपणा, आणि तो सैल टाक्यातूनच येतो.

विणायला बसताना

साखळी आणि खांब एवढं आलं तरी पुरे. खांबासाठी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई जागेत घालून दोरा ओढून घ्या. सुईवर तीन वेढे होतील, ते दोन-दोन करून सोडवा. व्हिडिओ पाहून शिकत असाल तर एक लक्षात ठेवा: अमेरिकेतले लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पुस्तकांत ट्रेबल म्हणतात. दोन्हीकडे तो आपला खांबच.

1. चार साखळ्या घालून गोल जोडा.

2. पहिली ओळ: चार साखळ्या (यांतल्या तीन म्हणजे कडेचा खांब, चौथी मोकळी). गोलात 3 खांब, 2 साखळ्या, 3 खांब, 1 साखळी आणि शेवटी 1 खांब. काम उलटवा.

3. दुसरी ओळ: चार साखळ्या. कडेच्या पहिल्या जागेत 3 खांब, 1 साखळी. मधल्या दोन साखळ्यांच्या जागेत 3 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. मग 1 साखळी. शेवटच्या जागेत 3 खांब, 1 साखळी, आणि खालच्या चार साखळ्यांपैकी तिसरीत 1 खांब. उलटवा.

4. यापुढे हेच. वाटेत येणाऱ्या प्रत्येक मोकळ्या जागेत 3 खांब आणि 1 साखळी, मध्यावर मात्र नेहमी 3-2-3.

पडताळा सोपा आहे: जितवी ओळ, त्याच्या दुप्पट गुच्छ (तीन खांबांचा एक गुच्छ). दहाव्या ओळीला 20 भरले नाहीत, तर बहुतेक वेळा कडेचा गुच्छ सुटलेला असतो. तेवढंच उसवा. क्रोशात एकच टाका सुईवर असतो, त्यामुळे बाकीचे निसटण्याची भीती नाही. मध्याच्या जागेत रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला, तर टोक चुकत नाही.

चाळीस ओळींत वरची कड साधारण दीड मीटर होते. पण लोकरीचा हिशेब सरळ चालत नाही. ओळी लांबत जातात, म्हणून विसाव्या ओळीपर्यंत फक्त पाव लोकर लागते आणि अर्धी संपते ती अठ्ठाविसाव्या ओळीच्या आसपास. निम्मी उंची झाली की लोकर उरेल असं वाटायला लागतं. तेव्हा गुंडा दुसऱ्या कामाला देऊ नका.

मला शेवटच्या दहा ओळी सगळ्यांत आवडतात. तोवर शाल मांडीवर पसरलेली असते. थंडीच्या दिवसांत ती विणणाऱ्यालाच आधी ऊब देते.

काठ आणि शेवट

खालच्या दोन बाजूंना शिंपल्यांचा काठ घाला: एका जागेत 5 खांब, पुढच्या जागेत मुका खांब (सुईवर आधी वेढा न घेता घातलेला आखूड टाका). टोकाला 7 खांबांचा शिंपला यायलाच हवा. तो साधण्यासाठी बाजूला एखादा मागेपुढे झाला तरी चालेल. वरच्या कडेला मुक्या खांबांची एकच ओळ, आणि तीही सैल. ही कड आवळली तर शाल मानेपाशी गोळा होते. सुटे दोरे गाठी न मारता जाड सुईने दोनदा उलटसुलट ओवून टाका.

शुद्ध लोकर असेल तर शाल कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा (पिळू नका), आणि गादीवर चादर घालून टाचण्यांनी ताणून सपाट वाळवा. जाळी उघडते आणि शिंपले उभे राहतात. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. थोडी वर धरून नुसती वाफ द्या. वापरायला लागल्यावर शाल दोरीवर किंवा हँगरवर टांगू नका, घडी करूनच ठेवा. टांगली की स्वतःच्याच वजनाने लांबते.