‘रन’ म्हणजे धावणे? या चुका टाळा

गेली चौदा वर्षं मी इंग्रजीतून मराठीत मशीनची मॅन्युअल्स, माहितीपत्रकं, अ‍ॅपमधला मजकूर असलं सगळं करते, नव्या पोरापोरींचं तपासूनही देते, आणि माझी सगळ्यात जास्त लाल शाई कुठल्या शब्दावर जाते सांगू? रन. पहिलीतल्या पोराला येणारा शब्द! येतो म्हणूनच तर कुणी डिक्शनरी उघडत नाही, आणि उघडलीच तर पहिला अर्थ उचलून मोकळे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात नुसत्या क्रियापद ‘रन’चे ६४५ अर्थ आहेत, पीटर गिलिव्हर नावाचा कोशकार त्या एका शब्दावर नऊ महिने बसला होता. १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ सगळ्यात पुढे होता, ४३० अर्थांनी, त्यालाही याने मागे टाकलं. ज्याला नऊ महिने लागले ते तुम्ही नऊ सेकंदात उरकता.

सगळ्यात मोठी चूक अर्थातच प्रत्येक रनला धावायला लावणं. अहो, इंग्रजीत जे धावतं ते आपल्याकडे बहुतेक वेळा नुसतं चालतं. दुकान चालतं, घड्याळ चालतं, मशीन चालतं, संस्था चालवतात, खटला चालवतात. पाणी असेल तर वाहतं. नाक गळतं. नळ ‘रन’ करायचा म्हणजे नळ सोडायचा. आणि ताप? तो अंगात असतो, कुणी तो घेऊन पळत नाही.

आता माझीच फजिती सांगते. एका कंपनीच्या पाण्याच्या पंपाचं मॅन्युअल होतं, त्यात ठळक अक्षरात सूचना, ‘डू नॉट रन ड्राय’. नव्या मुलाने आधी लिहिलं ‘कोरडे धावू नका’. मी हसले, लाल रेघ मारली, परत पाठवलं. दुसऱ्यांदा आलं ‘पंप कोरडा ठेवू नका’. वाचायला काय गुळगुळीत! संध्याकाळ झालेली, अजून तीस पानं बाकी होती, मी टिकमार्क केला आणि पुढे गेले. छापून झालं, वाटून झालं. मग काही आठवड्यांनी कंपनीच्या माणसाचा फोन, मॅडम, एका शेतकऱ्याने मोटारीवर ओलं गोणपाट टाकून ठेवलंय, वर रोज सकाळी बादलीभर पाणी मारतो, विचारलं तर म्हणतो तुमच्याच पुस्तकात लिहिलंय कोरडा ठेवू नका. विजेच्या मोटारीवर पाणी! नशीब म्हणून शॉक बसला नाही कुणाला. सूचनेचा खरा अर्थ एवढाच की आत पाणी नसताना पंप चालवू नका, कारण आतलं सील त्या पाण्यानेच थंड राहतं, पाणी नसलं की घासून जळतं. बिचाऱ्याने ती सूचना मन लावून पाळली होती. पहिली चूक दिसते हो, ‘कोरडे धावू नका’ कुणीही पकडेल. वाचायला बरी वाटणारी दुसरी चूक घात करते.

त्यात हेच दोन शब्द उलटे केले की ‘ड्राय रन’, म्हणजे रंगीत तालीम. २ जानेवारी २०२१ ला लसीकरणाचा देशभर ड्राय रन झाला तेव्हा पेपरात रोज हा शब्द होता, तरी त्यानंतर माझ्याकडे ‘कोरडी धाव’ आलीच.

बाकीच्या पटापट सांगते. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’, आणि आपला उभाच राहतो, त्याला उगाच पळवू नका. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. ‘रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यातच आहे. बँकेवर ‘रन’ म्हणजे पैसे काढायला झुंबड, २००७ च्या सप्टेंबरात ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉकबाहेर रांगा लागल्या होत्या ती. ‘रन आउट’ क्रिकेटमध्ये धावबाद, किराणा दुकानात माल संपला. ‘रन इट बाय हिम’ म्हणजे त्याच्या कानावर घाला. आणि रनिंग फूट, रनिंग बिल, रनिंग कंडिशन यांना हातही लावू नका, सुतार, कॉन्ट्रॅक्टर आणि जुनी गाडी विकणारे यांनी ते कधीच मराठी करून टाकलेत.

बटणांचं मात्र वेगळं दुखणं आहे. एका अ‍ॅपमध्ये ‘रन’च्या बटणावर लिहून आलं ‘धावा’. आता हे वाचणाऱ्याने काय समजायचं, त्याने पळायचंय, स्कोअर बघायचाय, की देवाचा धावा करायचाय? मुलाला विचारलं तर म्हणाला, मॅडम, वाक्यच नव्हतं, एकच शब्द होता. अरे मग विचार ना! बटण दाबल्यावर काय होतं हे क्लायंटला विचारायला एक मेसेज लागतो. पण विचारलं की आपल्याला येत नाही असं दिसेल ही भीती, आणि गुगलचं भाषांतर चिकटवायला अर्धा सेकंद. ‘सुरू करा’ केलं आम्ही शेवटी.

माझी पद्धत शास्त्रीय वगैरे काही नाही. आधी बघते काय ‘रन’ होतंय, माणूस, पाणी, यंत्र की पैसा, मग बघते त्याच्या मागे कुठलं शेपूट लागलंय, आउट, ओव्हर, इंटू, बाय. मग इंग्रजी कागद पालथा घालते आणि तेच वाक्य शेजारच्या काकूंना सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतं ते मोठ्याने बोलते. घरच्यांना सवय झालीय. डिक्शनरी त्यानंतर, खात्री करायला. आणि इशारा किंवा सूचना असेल तर ती ज्याने वापरायची त्याच्यासारख्या एकाला वाचायला देते आणि विचारते, आता तुम्ही काय कराल? त्या शेतकऱ्यानंतरची ही सवय.

कुणी म्हणतं एका शब्दाचे इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे. आपण ‘लागणे’ कसं ठेवतो? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, आंबा गोड लागतो, दूध करपून खाली लागतं, घर लागतं आणि बसही लागते. कुणी यादी पाठ केली होती का? ऐकून ऐकून आलं. इंग्रजीही तशीच ऐकावी, वाचावी लागते, आणि त्याला वेळ, बघा, लागतोच.

कालच एका लॉजच्या पत्रकात ‘धावते गरम पाणी २४ तास’ आलंय. ‘नळाला चोवीस तास गरम पाणी’ असं करून परत पाठवलंय.