खान्देशात नोकरी-धंद्याला आलेल्यांनो, दुसऱ्या भेटीला चुकू नका

२००७ च्या जूनमध्ये मी महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावला उतरलो. गाव सांगली जिल्ह्यातलं, शिक्षण कृषी अभियांत्रिकीचं, नोकरी ठिबकच्या डिझाइनची. दोन वर्षं काढायची आणि पुण्याकडे सरकायचं, असा बेत होता. तेव्हापासून इथेच आहे. घर इथे, मुलांची शाळा इथे, आणि आता स्वतःचं छोटं सल्ल्याचं कामही इथेच.

दरवर्षी पावसाच्या तोंडावर नवी मंडळी येतात. कुणी ठिबकमध्ये, कुणी केळीच्या टिश्यूकल्चर रोपांत, कुणी बियाण्यांत, बँकेत, डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात. वर्ष-दीड वर्षाने त्यातले बरेचजण एकच तक्रार करत बदली मागतात: "इथली माणसं चहा पाजतात, गोड बोलतात, पण काम देत नाहीत." हे ऐकलं की मला वाईट वाटतं. कारण माणसं काम देतात, भरभरून देतात. पण पहिल्या भेटीत देत नाहीत. आणि आपले लोक दुसऱ्या भेटीला जातच नाहीत.

घर, गॅस, शाळा याबद्दल मी काही सांगत नाही, ते ज्याचं त्याला जमतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार कुणाच्या दारात जाऊ नका, एवढं पुरे.

पहिली ओळख इथे फार सोपी आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या बागेत उभे राहा, कुणीतरी येऊन विचारेलच, "कुठले हो तुम्ही?" गाव विचारतील, आडनाव विचारतील, शेती किती, भाऊ किती, सगळं विचारतील. पुण्या-कोल्हापूरकडच्या आपल्या लोकांना हे खटकतं. "यांना काय करायचंय?" असं मीही पहिल्या वर्षी पुटपुटलो होतो. त्यांना तुमची चौकशी करायची नसते, तुम्हाला कुठेतरी बसवायचं असतं. हा अमक्या गावचा, घरी एवढी शेती, म्हणजे हा आपलं दुखणं समजू शकेल. सरळ उत्तरं द्या. उलट तुम्हीही विचारा.

आता नावांचं. इथे पाटील, चौधरी, महाजन इतके आहेत की नुसतं "पाटील साहेब" म्हणून नंबर सेव्ह केलात तर महिनाभरात फोनमध्ये चाळीस पाटील होतील आणि एकाचाही चेहरा आठवणार नाही. गाव, घरचं नाव आणि ओळख कुणी करून दिली, हे तिन्ही नावासोबत लिहा. प्रत्येकाला घरी आणि गावात एक नाव असतं: आप्पा, नाना, तात्या, आबा, बापू. सोबतच्या माणसाला हळूच विचारून घ्या, "यांना काय म्हणतात?" आणि दुसऱ्यांदा भेटाल तेव्हा त्याच नावाने हाक मारा. मोठ्या माणसाला "सर" म्हणालात तर तो आदराने ऐकून घेतो, पण "आप्पा" म्हटल्यावर तो खुर्ची पुढे ओढतो. फरक मी शेकडो वेळा पाहिलाय.

बोलीबद्दल एक गोष्ट मी सगळ्यांना बजावतो. अमळनेर, पारोळा, धुळे, नंदुरबारकडे अहिराणी ऐकाल, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली. बहिणाबाईंच्या ओव्या याच मातीतल्या बोलीत आहेत आणि विद्यापीठाला त्यांचं नाव दिलेलं आहे. तरी आपल्याकडची काही मंडळी रात्री रूमवर बसून "काय भो, काय करून राह्यला" अशा नकला करून हसतात. मग दिवसा त्याच माणसांकडे ऑर्डर मागायला जातात. माझ्यासमोर कुणी असं केलं तर मी तिथून उठतो. बोली समजून घ्या, सहा महिन्यांत कानाला सवय होते. बोलायची घाई करू नका. समोरचा बोलीत बोलला आणि तुम्ही त्याला प्रमाण मराठीत पण नीट समजून उत्तर दिलंत, की त्याला पुरतं.

आता मुख्य गोष्ट. माझी चूक सांगतो, कारण ती तशीच्या तशी दुसऱ्यांना करताना मी पाहतोय.

२००९ चा डिसेंबर होता. यावल तालुक्यातल्या एका मळ्यात भरीत पार्टीचं आवतन होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिवाळ्यात इथे भरिताची वांगी येतात, मोठी, पोपटी-पांढरी. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर ती भाजतात, साल काढून लाकडी बडगीत ठेचतात. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. शेकोटीभोवती तीस-चाळीस माणसं, व्यापारी, शेतकरी, बँकेचे, सोसायटीचे. अख्ख्या वर्षात ऑफिसात भेटणार नाहीत एवढी माणसं तुम्हाला त्या एका रात्री भेटतात.

तिथे मला एक नाना भेटले. साठीच्या आसपासचे, चौदा एकर केळी. म्हणाले, "तुम्ही ठिबकवाले ना? माझे ड्रिपर पांढरे पडून बंद होताहेत. बाग निसवणीला आलीय. जरा बघा." निसवणी म्हणजे केळफूल बाहेर पडायची वेळ. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गेलो. लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी, कापून पाहिली, आत खडूसारखा थर. विहिरीचं पाणी एका प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलं, बाटलीला कागद चिकटवून त्यावर नाव, गाव, तारीख लिहिली. नाना म्हणाले, "रिपोर्ट कधी मिळेल?" मी म्हणालो, "आठ दिवसांत आणून देतो."

रिपोर्ट सहाव्या दिवशी माझ्या टेबलावर आला. पाण्यात बायकार्बोनेट जास्त होतं, ड्रिपरमध्ये चुना बसत होता. उपाय साधा होता. अ‍ॅसिड ट्रीटमेंट द्यायची, चोवीस तास थांबायचं आणि लॅटरल फ्लश करायच्या. फारतर काही ओळी बदलाव्या लागल्या असत्या. पण मी विचार केला, नुसता रिपोर्ट घेऊन काय जायचं? सोबत नव्या फिल्टरचं आणि काही लॅटरलचं कोटेशन तयार करू, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही कामं होतील. कोटेशनला साहेबांची सही हवी होती, साहेब दौऱ्यावर होते, मग संक्रांतीची सुट्टी. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये एकवीस दिवस पडून राहिला. मधे मी एक फोनसुद्धा केला नाही, कारण हातात कोटेशन नव्हतं.

गेलो तेव्हा नानांनी नेहमीसारखं ओट्यावर बसवलं. पाणी आलं, चहा आला. मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. म्हणाले, "मी वाट पाहिली. बाग सुकायला लागली होती. दुसऱ्याने सांगितलं सगळं बदला, मी बदललं." चौदा एकरांच्या लॅटरल. ज्याची गरजच नव्हती. मी वेळेवर गेलो असतो तर त्यांचा तो सगळा खर्च वाचला असता. ते रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. मला गाडीपर्यंत सोडायलाही आले. पण त्या गावात पुढची चार वर्षं मला एकही काम मिळालं नाही. कुणी नाही म्हणायचं नाही. "पाहू ना," "सांगतो ना," एवढंच. त्यांचा शब्द गावाने ऐकला होता आणि त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की तो मुलगा आठ दिवस म्हणाला आणि महिन्याने आला.

मला काम गेल्याचं दुःख आजही तेवढं नाही. एका माणसाचे पैसे माझ्या ड्रॉवरमुळे गेले, हे मला अजून टोचतं.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत मोठा नियम: जे द्यायचं कबूल केलंय ते एकटंच नेऊन द्या. त्याला कोटेशन, ब्रोशर, ऑफर काही जोडू नका. रिपोर्ट तर रिपोर्ट, एखाद्या डॉक्टरचा नंबर तर नंबर, मुलाच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची माहिती तर माहिती. ते देऊन या. तुमचं काम पुढच्या खेपेला काढा, किंवा समोरचा काढेल त्याची वाट पाहा.

दुसरं, भेटीनंतर आठ दिवसांच्या आत पुन्हा जा. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचं "शुभ सकाळ" पाठवलं म्हणजे संबंध ठेवला असं नाही. ते त्यांच्याकडे रोज शंभर येतात. जाणं जमणारच नसेल तर फोन करा आणि मागच्या वेळचं काहीतरी विचारा: "आप्पा, त्या दिवशी गाय आजारी होती म्हणालात, कशी आहे?" एवढा एक प्रश्न. फोनची वेळ मात्र पाहा. शेतीला रात्रीची लाइन असेल त्या आठवड्यात माणूस पहाटेपर्यंत मोटारीजवळ जागा असतो, त्याला सकाळी आठला उठवू नका. दाणाबाजारातल्या व्यापाऱ्याला सकाळच्या सौद्याच्या वेळी फोन लावाल तर तो उचलेल, पण ऐकणार नाही.

यासाठी मी खिशात मावेल अशी डायरी ठेवतो. संध्याकाळी गाडीत बसूनच लिहितो, घरी गेल्यावर अर्धं विसरतं. एका पानावर एक माणूस. वर घरचं नाव आणि गाव, खाली काय बोलणं झालं, आणि अगदी खाली लाल पेनाने "मी काय म्हणालो" ही एक ओळ. त्यांनी काय कबूल केलं ते मी लिहीत नाही. मी काय कबूल केलं तेच लिहितो. दर रविवारी लाल ओळी वाचतो. २०१० पासूनच्या डायऱ्या कपाटात आहेत.

शब्द देतानाही जपा. आपल्याकडे "बघतो" म्हणजे साधारण नाही, हे सगळ्यांना कळतं. इथेही "पाहू" म्हणजे बहुतेक वेळा नाहीच, तोंडावर नाही म्हणणं त्यांना जड जातं. पण तुम्ही बाहेरचे, नोकरीचे, साहेब म्हणून आलेले. तुमचं "बघतो" ते होकार समजून धरून बसतात. जमणार नसेल तर त्याच वेळी सांगा.

सुखदुःखाला जाण्याबद्दल. लग्नसराई एप्रिल-मेची, पत्रिका आली तर जा. उन्हात पंगतीत बसून वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खाऊन या, पाकिटात किती घातलं ते कुणी लक्षात ठेवत नाही. पण कुणाकडे मयत झाली असेल तर दारावर जाऊन बसणं चुकवू नका. काही बोलायचं नसतं. दहा मिनिटं बसायचं, निघायचं. मोबाइल गाडीत ठेवा.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचा, हिशेबही याच सुमारास होतो. तेव्हा धंद्याचं बोलायला जाऊ नका. श्रावणात कानबाई या इथल्या देवीचे रोट असतात. ते भाऊबंदकीतलं असतं, तुम्हाला बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. पहिल्या वर्षी मी घेतलं होतं.

घरातल्या बाईला नमस्कार केल्याशिवाय बाहेर पडू नका. काकू म्हणा, जिजी म्हणत असतील तर जिजी म्हणा. किती माल गेला, कुणाचे पैसे राहिलेत, मजुरी किती दिली, हे अनेक घरांत तिलाच तोंडपाठ असतं. पुढच्या वर्षी ठिबक घ्यायचं की मुलीचं लग्न आधी, हे ती ठरवते. नव्या मुली आता फील्डवर येतात, त्यांना ही दारं आमच्यापेक्षा लवकर उघडतात, हे मी पाहिलंय.

राजकारणावर मत देऊ नका. जातीवरून तर अजिबात नाही.

आणि आपल्याच लोकांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. सांगली-साताऱ्याची पोरं एकाच कॉलनीत राहतात, एकाच मेसवर जेवतात, शनिवार-रविवार लागून सुट्टी आली की गाडी पकडतात. सगळी लग्नं, भरिताच्या पार्ट्या, सारंगखेड्याची यात्रा, त्याच सुट्ट्यांमध्ये असतं. महिन्यातून एक रविवार तरी इथे राहा. तुमच्या आईलाही समजावता येईल.

शेवटी बदलीचं. बदली झाली की बहुतेकजण ग्रुपवर मेसेज टाकून निघून जातात. मग नवा माणूस येतो आणि त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. असं करू नका. शेवटच्या पंधरा दिवसांत नव्या माणसाला गाडीवर मागे बसवा आणि डायरीतल्या ज्या पानांवर लाल ओळ अजून बाकी आहे, त्या घरी आधी न्या. "नाना, हा आता माझ्या जागी आहे. तुमचं पाण्याचं काम याच्याकडे दिलंय, गुरुवारी येईल." हे त्याच्या समोर म्हणा, म्हणजे गुरुवार त्यालाही ऐकू जाईल.