नॅनोकण तपासायला ट्यूमरचे गोळे: नागपूरच्या उन्हाळ्यातही जमतील असे

खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, इथली किती घरं पोखरली हे नागपूरकरांना सांगायला नको. तोंडा-घशाच्या कर्करोगावरचं औषध नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत, भरून पाहणार असाल, तर प्लेटला चिकटलेल्या पेशींच्या थरावर विसंबू नका. तिथे प्रत्येक पेशी औषधात बुडालेली असते. गाठीत कणाला आत वाट काढावी लागते. म्हणून स्फेरॉइड, म्हणजे गाठीसारखे पेशींचे गोळे, करा. घशाच्या कर्करोगातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या फाडू (FaDu) पेशींचे गोळे घट्ट बनतात.

१० मिली पीबीएसमध्ये (पेशींना चालणाऱ्या खारट द्रावणात) १५० मिलिग्रॅम ॲगरोज (थंड झाल्यावर जेलीसारखं घट्ट होणारी पूड) घालून ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा. सपाट तळाच्या ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये आतल्या ६० वेलना प्रत्येकी ५० मायक्रोलिटर, गरम असतानाच. गरम ॲगरोज कडेने चढून तळाला वाटीचा आकार देतं. कोमट झालं तर तळ सपाट राहतो आणि एका गोळ्याऐवजी चार-पाच गुठळ्या होतात.

ट्रिप्सिन या विकराने सुट्या केलेल्या पेशी ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. १५ मिली मीडियमला (पेशी वाढवायच्या पोषक द्रवाला) दीड लाख पेशी. वेलला २०० मायक्रोलिटर, म्हणजे २००० पेशी. बाहेरच्या ३६ वेलमध्ये नुसतं पीबीएस, कारण कडेच्या वेल आधी आटतात. प्लेट दोन दिवस हलवू नका.

मे महिन्यात खरी परीक्षा खोलीची. साधा इनक्युबेटर तापवतो, थंड करत नाही. ३७ अंश टिकवायला खोली निदान ५ अंश थंड हवी. बाहेर ४५ अंश असताना एसी बंद पडला की आतला आकडा चढतो, पेशी ताणाखाली येतात आणि ती प्लेट वाया जाते. एसीलाही जनरेटरची लाइन द्या. इनक्युबेटरमध्ये ओलावा राखणाऱ्या ट्रेमधलं पाणी रोज बघा.

चौथ्या दिवशी गोळे मोजा. ४०० मायक्रॉनच्या आसपासचे, एकसारखे तेवढेच घ्या. १०० मायक्रोलिटर मीडियम हलक्या हाताने काढून दुप्पट तीव्रतेचे कण तेवढेच घाला. शेजारी सुटं औषध, रिकामे कण आणि काहीच न दिलेले गोळे हवेतच. रिकाम्या कणांनीही पेशी मरत असतील, तर दोष कणाच्या मसाल्यात आहे. त्याआधी कण सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) असलेल्या मीडियममध्ये २४ तास ठेवून आकार तपासा. प्रथिनं चिकटून ते फुगतात किंवा एकमेकांना चिकटून तळाला बसतात.

कण आत शिरला का, हे बघताना फार फसगत होते. कण दिसावा म्हणून त्यात चमकणारा रंग भरतात; कणातून सुटलेला हा रंग एकटाच आत जातो आणि कणच पोचला असं वाटतं. रंग किती सुटतो ते डायलिसिसने, म्हणजे कण अडवून सुटा रंग जाऊ देणाऱ्या पडद्याने, आधी मोजा. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाला साधारण १०० मायक्रॉनपलीकडे नीट दिसत नाही. मधला भाग पाहायला गोळा गोठवून १० मायक्रॉनचे काप घ्या. ७२ तासांनी जिवंत पेशी मोजायला एमटीटी या रंग बदलणाऱ्या चाचणीपेक्षा एटीपीची (पेशीतल्या ऊर्जारेणूची) चाचणी बरी, कारण एमटीटीत घट्ट गोळ्यात बनणारे जांभळे स्फटिक पूर्ण विरघळत नाहीत.