पहिल्या कॅमेऱ्याला दुसरी लेन्स कुठली घ्यायची?

दिवाळीच्या बोनसमधून घरात नवा कॅमेरा येतो, सोबत १८-५५ ची किट लेन्स असते. आठवड्याभरात सल्ले सुरू होतात. एकजण म्हणतो "फिफ्टी (५० एमएमची लेन्स) घे भावा, नाद खुळा फोटो येतात." दुसऱ्याला दाजीपूरचे गवे टिपायला मोठी झूम हवी असते, तिसरा ट्रायपॉडवर अडून बसतो. तिघांचंही ऐकलं तर कॅमेऱ्याएवढाच खर्च पुन्हा होतो आणि निम्मं सामान कपाटात पडून राहतं. माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने मेमरी कार्ड, ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी पंप) आणि हवाबंद डबा सोडून काहीच घेऊ नका. डब्याचं कारण पुढे येईल.

आधी स्वतःचे फोटो तपासा

किट लेन्सला नावं ठेवायची फॅशन आहे. पण तुम्हाला नेमकं काय हवंय ते तीच सांगते, आणि तेही फुकटात. प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये तो कितव्या एमएमवर (आकडा लहान तितकं रुंद दृश्य, मोठा तितकं जवळचं), किती अॅपर्चरवर (लेन्सचं तोंड किती उघडलं; एफचा आकडा लहान तितकं जास्त) आणि किती शटर स्पीडला (किती वेळ उजेड आत घेतला) काढला याची नोंद असते. कॉम्प्युटरवर फोटोच्या प्रॉपर्टीज उघडल्या की ती दिसते. तुम्हाला मनापासून आवडलेले पन्नासेक फोटो निवडा आणि आकडे कागदावर उतरवा.

बहुतेक १८ च्या आसपास असतील, तर तुम्ही देवळं, वाडे आणि गल्ल्या काढणारे. ५५ वर अडकून "अजून जवळ जाता आलं असतं तर" असं वाटत असेल, तर लांबची लेन्स तुमच्या कामाची. आकडे मधलेच आहेत पण घरातले, संध्याकाळचे फोटो हलतायत, तर अडचण उजेडाची आहे. आकड्यांवरूनही ठरत नसेल तर झूमची रिंग ३५ वर चिकटपट्टीने पक्की करा आणि एक रविवार कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर फिरा. पुढच्या रविवारी ५० वर. कुठल्या दिवशी हात जास्त सरावला, ते संध्याकाळपर्यंत कळतं.

मग माउंट बघा

दुकानात "ही माझ्या कॅमेऱ्यावर चालंल का?" विचारलं की "चालतंय की" हे उत्तर ठरलेलं. पण माउंटवर (लेन्स जोडायच्या कड्यावर) लेन्स बसते आणि तिचा ऑटोफोकस चालतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी एएफ-डी प्रकारची लेन्स बसते, फोटोही निघतो, फोकस मात्र हाताने फिरवावा लागतो. तिथे एएफ-एस किंवा एएफ-पी असं लिहिलेली लेन्स हवी. कॅननच्या छोट्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही बसतात, पण नव्या आरएफ माउंटच्या मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) त्यासाठी अडॅप्टर लागतो. निकॉन झेडवर जुन्या लेन्स लावायच्या तर एफटीझेड हा अडॅप्टर. सोनीचा ई आणि फुजीचा एक्स हे माउंट आणखी वेगळे. म्हणून बॉडी सोबत न्या, लेन्स चढवा, बटण अर्धं दाबा आणि फोकस स्वतः लागतोय का ते तिथेच बघा.

३५ की ५०?

सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी जातात, म्हणून जरा थांबू.

नवशिक्याच्या कॅमेऱ्यात बहुधा एपीएस-सी म्हणजे क्रॉप, फुल फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर असतो. त्यावर ५० एमएमची लेन्स फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) ७५ सारखी दिसते, कॅननवर ८० सारखी. दहा फुटांवरून ५० च्या चौकटीत साधारण पावणेपाच फूट रुंदी मावते, ३५ च्या चौकटीत पावणेसात आणि १८ च्या चौकटीत तेरा. आता शुक्रवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घराची पुढची खोली डोळ्यांसमोर आणा. बारशाला पाळण्याभोवती आत्या, मावशी, आजी उभ्या आहेत आणि तुमची पाठ भिंतीला टेकलेली. फिफ्टीत दोघीच येतात, तिसऱ्या आत्याचा रुसवा वेगळा. खोल्यांतले, घरगुती फोटो जास्त असतील तर ३५ घ्या. एकेकट्या माणसाचे चेहरे काढायचे असतील तर ५०. कॅनन डीएसएलआरवाल्यांना स्वस्तात ५० एफ १.८ मिळते. रुंद हवी असेल तर २४ एमएम एफ २.८ ही चपटी छोटी लेन्स बघावी.

या लेन्सचा खरा फायदा उजेडाचा. पाठीमागचं धूसर होणं हा वरकड लाभ. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. गंगावेशीतल्या तालमीत पहाटे ट्यूबलाइटच्या उजेडात जोर सुरू असतात. आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० ठेवूनही किट लेन्स शटर १/४० सेकंदावर आणते आणि डाव टाकणाऱ्या मल्लाचा हात फोटोत नुसता पुसट पट्टा दिसतो. एफ १.८ वर तेच शटर १/४०० पर्यंत जातं आणि हाताला लागलेल्या लाल मातीचे कणसुद्धा दिसतात. (वस्तादांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये आणि कुस्तीच्या हौद्याजवळ चपला नेऊ नयेत, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.)

लांबची लेन्स

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा फुटबॉल सामना बघायला जात असाल तर ५५-२५० किंवा ७०-३०० पुरते. दुपारच्या उन्हात शटर १/८०० च्या वर ठेवा. राधानगरीच्या जंगलात गवा कळपाने उभा असेल तर ३०० मध्ये छान येतो. रंकाळ्यावरच्या छोट्या पक्ष्यांना मात्र तेही कमी पडतं, आणि ४०० च्या पुढच्या लेन्स पहिल्या वर्षी घ्यायच्या नसतात. १८-३०० सारखी "एकच सगळं करणारी" लेन्स मी तरी सुचवणार नाही. अंधारात ती किट लेन्सइतकीच अडते, आणि गळ्यात तिचं ओझं व्हायचं ते होतंच.

बाकीचं सामान

मेमरी कार्ड १२८ जीबीचं एक घेण्याऐवजी ६४ ची दोन घ्या, एक दगा देऊ शकतं. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असेल तर सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी असते, व्हिडिओला तेवढं पुरतं. बाजारात नकली कार्डंही फिरतात, म्हणून नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, फोटो उघडतायत ना हे बघून मगच लग्नाला न्या. जादा बॅटरी घ्याच.

फिल्टर घेण्याआधी लेन्सच्या पुढच्या कडेवर लिहिलेला व्यास वाचा: ४९, ५२, ५५, ५८ एमएम, काहीही असू शकतं. यूव्ही फिल्टरने फोटो सुधारत नाही. पण जोतिबाच्या चैत्र यात्रेत जायचं असेल तर जरूर लावा, काचेवर गुलाल बसण्यापेक्षा फिल्टरवर बसलेला बरा. तिथे लेन्स बदलायची नाही, घरून एकच चढवून जायचं. झूम आत-बाहेर करतानाही गुलाल आत ओढला जातो, म्हणून बॉडी आणि लेन्सवर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा. सर्क्युलर पोलरायझर हा फिल्टर मात्र खरी उपयोगाची वस्तू. पावसात भिजलेल्या पानांवरची पांढरी चमक तो काढतो आणि हिरवा रंग खुलतो. ते काम नंतर कॉम्प्युटरवर नीट जमत नाही.

गुऱ्हाळात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. काहिलीवरची वाफ काचेवर बसली की लगेच पुसू नका, ती चिकट असते. आधी ब्लोअर मारा, मग लेन्स क्लीनरचे दोन थेंब कापडावर घेऊन पुसा. थेंब थेट काचेवर टाकू नका. शर्टाचं टोक तर मुळीच वापरू नका.

ट्रायपॉड शेवटी घ्या. हलका, स्वस्त ट्रायपॉड पन्हाळ्याच्या वाऱ्यात थरथरतो, त्यापेक्षा कठड्यावर कॅमेरा ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावलेला परवडला.

जुनी लेन्स आणि आपला पाऊस

लेन्स सेकंडहॅण्ड घ्यायला हरकत नाही, बॉडीपेक्षा ती जास्त वर्षं टिकते. पण कोल्हापूर, गगनबावडा, कोकण या पट्ट्यातली लेन्स असेल तर मोबाईलची टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. विकणारा "साफ होतंय" म्हणेल. होतं कधी कधी, पण काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग राहतो.

स्वतःच्या लेन्सला ती लागू नये म्हणून तो डबा. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत किंवा लाकडी कपाटात ठेवायचा नाही, बॅगेचं कापडच ओल धरतं. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते ओलं झालं समजायचं, मंद आचेवर कढईत परतून पुन्हा निळं करून घ्यायचं. त्यासाठी कढई वेगळीच ठेवा, ती परत स्वयंपाकाला वापरायची नाही. तांदळात लेन्स पुरणारेही भेटतात. त्याचा भुसा झूमच्या फटीत जातो, तसं करू नका. आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून झूम, फोकस फिरवा, चार फोटो काढा आणि कोरडी करून परत डब्यात ठेवा.