शेअरच्या सौद्यांचा हिशेब चुकता करणाऱ्या, म्हणजे सेटलमेंटच्या डेस्कवर लागायचंय?

बीकॉमवाल्यांनो, आधी एका व्यवहाराचा प्रवास पाठ करा: सौदा, कन्फर्मेशन (दोन्ही बाजूंनी तपशील पक्का करणं), सेटलमेंट (शेअर आणि पैशांची देवाणघेवाण), रेकन्सिलिएशन (नोंदी जुळवून पाहणं). मुलाखत त्यावरच फिरते. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची सातव्या मालिकेची परीक्षा याच कामावर आहे, ती द्या. एक्सेलमधलं व्हीलूकअप झोपेतही यायला हवं.

पहिल्याच वर्षी पुण्यात बसून मी एका सौद्यात कस्टोडियनचा (ग्राहकाचे शेअर सांभाळणाऱ्या बँकेचा) जुना खातेक्रमांक तसाच ठेवला. शेअर अडकले, रात्री साडेअकरापर्यंत न्यूयॉर्कशी फोनाफोनी. तेव्हा निस्तरायला एक दिवस जास्त मिळायचा. २८ मे २०२४ पासून अमेरिकेतही टी प्लस वन, म्हणजे कामाच्या पुढच्याच दिवशी हिशेब चुकता. म्हणून ब्रेक, म्हणजे नोंदींतली तफावत, दिसला की लगेच ईमेल टाका, दाबून ठेवू नका.

आणि शिफ्टचं घरी आधीच सांगा. माझ्या आईला अजून वाटतं, मी कॉल सेंटरात आहे.