एजंटकडून कोड लिहून घेण्याआधीचा प्लॅन: या चुका टाळा

"ऑर्डरमधली एकच वस्तू रद्द करता यावी आणि तेवढेच पैसे परत जावेत" एवढं एआय एजंटला सांगितलं की दोन मिनिटांत देखणा प्लॅन समोर येतो. मथळे, पायऱ्या, शेवटी टेस्ट. तो वाचून समाधान वाटतं आणि तिथेच घात होतो. जे निर्णय तुम्ही घेतले नाहीत ते एजंटने परस्पर घेतलेले असतात, आणि प्लॅनच्या एकाही ओळीत ते लिहिलेले नसतात. खालच्या सगळ्या चुका याच फीचरच्या आधाराने पाहू. जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि रेझरपे या पेमेंट गेटवेवरून होणारा भरणा, अशी मांडणी धरली आहे.

कोड न वाचताच प्लॅन मागणे

पहिल्याच निरोपात प्लॅन मागितला की एजंट कुठल्याही जँगो प्रकल्पाला लागू पडेल असा प्लॅन देतो. त्यात तुमच्याकडे नसलेली सर्व्हिस फाइल असते, आणि असलेलं रिफंडचं फंक्शन मात्र नसतं. आधी फक्त वाचायला लावा: "ऑर्डर तयार होण्यापासून वेबहुक येईपर्यंतचा प्रवास फाइल, फंक्शन आणि ओळ क्रमांकासह सांग. सूचना देऊ नकोस." (वेबहुक म्हणजे गेटवे आपल्या सर्व्हरला आपणहून पाठवतो तो निरोप.) उत्तरातली तीन-चार नावं स्वतः ग्रेप करून, म्हणजे कोडमध्ये शोधून, पाहा. एक जरी चुकीचं निघालं तर पुढे जाऊ नका, पुन्हा वाचायला लावा.

"कोड लिहू नकोस" असं नुसतं सांगण्यावर विसंबू नका. क्लॉड कोड या एजंटमध्ये शिफ्ट-टॅब दाबत राहिलं की खाली प्लॅन मोड दिसतो. त्यात तो फाइल वाचतो, बदलत नाही. कर्सर या कोड एडिटरमध्येही प्लॅन मोड आहे. तोंडी सूचना लांबलेल्या संवादात विरून जाते.

निर्णय उघडे सोडणे

सगळ्यात महाग चूक ही. प्लॅन मागण्याआधी एजंटला प्रश्न काढायला लावा, आणि प्रत्येक प्रश्नापुढे "उत्तर मिळालं नाही तर मी काय गृहीत धरेन" हेही लिहायला सांगा. खरी माहिती त्या दुसऱ्या रकान्यातच असते.

कूपनचं उदाहरण घ्या. ३३३ रुपयांच्या तीन वस्तू, एकूण ९९९. कूपन १०० रुपयांचं. ग्राहकाने भरले ८९९. रेझरपेला रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे ८९,९०० पैसे. एजंट सरळ भागाकार करतो: १०,००० भागिले ३, म्हणजे वस्तूमागे ३,३३३ पैसे सूट. एका वस्तूचा परतावा ३३,३०० वजा ३,३३३, म्हणजे २९,९६७ पैसे. ग्राहकाने तिन्ही वस्तू एकेक करून रद्द केल्या तर एकूण ८९,९०१. भरलेल्या रकमेपेक्षा एक पैसा जास्त. तिसरा परतावा गेटवे नाकारतो, आणि एकच वस्तू रद्द करून पाहणाऱ्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही.

उपाय प्लॅनमध्येच लिहायला हवा: ऑर्डर नोंदवतानाच सूट वस्तूंवर वाटून पूर्णांक पैशांत साठवायची, उरलेला पैसा पहिल्या वस्तूवर टाकायचा (३,३३४, ३,३३३, ३,३३३). मग परतावे २९,९६६, २९,९६७, २९,९६७ होतात आणि बेरीज ८९,९०० वर जुळते. लगेच पुढचा प्रश्न येतो, की हा रकाना नसलेल्या जुन्या ऑर्डरींचं काय? त्या रद्द करू द्यायच्या नाहीत, की चालू पद्धतीने तिथल्या तिथे वाटणी करायची? दोन्ही चालेल, पण ठरवायचं तुम्ही.

असेच आणखी काही: डिलिव्हरीचा खर्च परत द्यायचा का, एक वस्तू काढल्यावर ऑर्डर कूपनच्या किमान रकमेखाली गेली तर काय, बीजक निघून गेलं असेल तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार लागणारी क्रेडिट नोट कोण काढणार. शेवटचा प्रश्न लेखापालाला विचारा. एजंट त्याचं उत्तर ठामपणे देईल, म्हणूनच.

फक्त सुखाचा मार्ग आखणे

प्रत्येक पायरीपुढे "इथे दोनदा घडलं तर?" आणि "इथे मध्येच बंद पडलं तर?" असे दोन प्रश्न टाका. ग्राहक दोन टॅबमध्ये रद्दचं बटण दाबतो. तोच वेबहुक पुन्हा येतो. क्वचित गेटवेच्या एपीआयचं (आपण पाठवलेल्या विनंतीचं) उत्तर मिळण्याआधीच वेबहुक येऊन धडकतो. एजंटचा नेहमीचा आराखडा म्हणजे ट्रान्झॅक्शन (ज्यातले डेटाबेसचे बदल एकतर सगळे होतात, नाहीतर एकही नाही) उघड, ओळ लॉक कर, गेटवेला हाक मार, नोंद कर. गेटवेला वीस सेकंद लागले तर तेवढा वेळ लॉक अडकून राहतो. आणि पैसे गेल्यावर नोंद फसली तर परतावा झाल्याची खूणच उरत नाही.

प्लॅनमध्ये क्रम स्पष्ट हवा. आधी लॉक घेऊन "प्रलंबित" अशी परताव्याची ओळ लिहा आणि ट्रान्झॅक्शन बंद करा. मग गेटवेला हाक मारा. मग स्थिती बदला. अर्धवट राहिलेल्या प्रलंबित ओळी गेटवेशी ताडून पाहणारं काम वेगळं. वेबहुकचा इव्हेंट आयडी युनिक कन्स्ट्रेंटसह (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेणारा डेटाबेसचा नियम) साठवा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेला आपोआप गळतो.

मायग्रेशन एका ओळीत उरकणे

मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला बदल. "ऑर्डर आयटममध्ये नवा रकाना जोडा" ही ओळ निरुपद्रवी दिसते. पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डिफॉल्ट (किंमत न दिल्यास आपोआप भरली जाणारी) असलेला रकाना जोडताना अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, त्यामुळे वेळेची चिंता नाही. अडचण वेगळीच आहे. जँगो नेहमीचा डिफॉल्ट डेटाबेसमध्ये ठेवत नाही. रकाना जोडला की काढून टाकतो. नवा कोड चढेपर्यंत जुना कोड सर्व्हरवर चालूच असतो, त्याला हा रकाना माहीत नसतो, आणि तो नॉट नल (रिकामा ठेवता न येणारा) असेल तर त्या काळातल्या नव्या ऑर्डरी कोसळतात. म्हणून क्रम असा: नल चालणारा रकाना, कोड डिप्लॉय, जुन्या ओळी तुकड्यातुकड्यांत भरणे, मग नॉट नल. (जुन्या ऑर्डरींना वाटणी द्यायची नाही असं वर ठरलं असेल तर शेवटच्या दोन पायऱ्या गळतात.) जँगो ५.० पासून डेटाबेसमध्येच राहणारा डिफॉल्ट देता येतो, तोही पर्याय आहे.

मोठ्या टेबलावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) हवा असेल तर तो कन्करंटली, म्हणजे लिहिणं न थांबवता, बांधा. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, तेव्हा त्या मायग्रेशनमध्ये ॲटॉमिक (सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवणं) बंद करावं लागतं आणि फाइल वेगळी ठेवलेली बरी. हे प्लॅनमध्ये नसेल तर एजंट साधा इंडेक्स टाकतो, आणि तो बांधून होईपर्यंत त्या टेबलावर लिहिणं थांबतं.

थर लावून काम वाटणे

"आधी सगळे मॉडेल, मग सगळे एपीआय, मग स्क्रीन, शेवटी टेस्ट" ही वाटणी एजंटला फार आवडते. शेवटच्या पायरीपर्यंत काहीच चालवून बघता येत नाही. त्याऐवजी उभे तुकडे पाडा: पहिला तुकडा म्हणजे कूपन नसलेल्या ऑर्डरमधली एक वस्तू, बटणापासून परताव्यापर्यंत, फीचर फ्लॅगच्या (फीचर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) मागे. दुसऱ्यात कूपन. तिसऱ्यात वेबहुकची पुनरावृत्ती. एका तुकड्याचा डिफ (बदललेल्या ओळी) दोन-तीनशे ओळींच्या वर गेला तर तो नीट वाचला जात नाही, मग प्लॅन कितीही चांगला असो.

टेस्टचे आकडे प्लॅनमध्येच लिहा, वरचे २९,९६६ आणि ८९,९०० सुद्धा. कोडनंतर टेस्ट लिहायला सांगितल्या तर एजंट कोड जे देतो तेच बरोबर धरतो.

प्लॅन चॅटमध्येच ठेवणे

संवाद लांबला की जुना भाग आपोआप आटवला जातो आणि बारकावे गळतात. मंजूर प्लॅन रेपोतल्या (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातल्या) मार्कडाउन फाइलमध्ये कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंदवा. एक-दीड पान पुरे. आठ पानी प्लॅन कोणी वाचत नाही, मंजूर मात्र सगळे करतात. त्यात "काय करायचं नाही" हा भाग हवाच, नाहीतर न मागितलेला ॲडमिन डॅशबोर्ड आणि रिट्राय फ्रेमवर्क येऊन बसतं.

तपासणीसाठी त्याच संवादात "प्लॅन बरोबर आहे ना?" असं विचारून उपयोग नाही. कोरं सेशन उघडून फक्त ती फाइल द्या आणि म्हणा: "हा प्लॅन मोडेल असा नेमका इनपुट दे, आकड्यांसह." "त्रुटी शोध" म्हटलं तर तो काहीतरी शोधतोच, कामाचं असो वा नसो.

काम भरकटलं तर

लक्षण ओळखणं सोपं आहे. प्रत्येक तुकड्यानंतर गिट डिफ --स्टॅट चालवा आणि फाइलींची यादी प्लॅनमधल्या यादीशी जुळवा. न लिहिलेली फाइल बदललेली दिसली, टेस्टमधला आकडा बदललेला दिसला किंवा एकच चूक तिसऱ्यांदा दुरुस्त होताना दिसली, तर तिथेच थांबवा. चॅटमध्ये समजावत बसू नका. शेवटच्या चांगल्या कमिटवर मागे जा, प्लॅनच्या फाइलमधला चुकलेला निर्णय दुरुस्त करून कमिट करा आणि नव्या सेशनमध्ये तोच तुकडा पुन्हा करायला द्या.